पाचवी पट्टी

केनवडच्या अलीकडच्या एका गावात भिवाजी एकोणीस वर्षे पाणी सोडत होता. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या मानधनावरचा माणूस. पण सकाळी सहाला नळ कोरडा राहिला, असा दिवस त्याने क्वचितच येऊ दिला. यंदा मात्र पंपघरातली मोटर दोनदा जळाली. दुसऱ्या खेपेस नऊ दिवस बायका शेतातल्या विहिरींवरून पाणी वाहत होत्या. पुढच्या महिन्याच्या ग्रामसभेत भिवाजीचा निकाल लावू, असे सरपंच पंजाबरावांनी सांगून टाकले.

दोष मेन स्विचात होता. त्यातली तांब्याची पाती काळी पडत, त्या थरातून वीज नीट वाहत नसे. पाती तापत, विजेच्या तीनपैकी एक फेज जाई आणि उरलेल्या दोहोंवर मोटर कण्हत जळे. पंपघरापासून हाकेच्या अंतरावर दोन वर्षांमागे जुने टायर जाळून तेल काढणारी भट्टी उभी राहिली होती. रबरातले गंधक धुरावाटे हवेत येते आणि तांब्याला धरते, असे भिवाजीची मुलगी धम्मदीपा सांगत होती; ती वाशीमला रसायनशास्त्र शिकत होती. पण भट्टी सरपंचांच्या साडूची होती.

धम्मदीपाने तांब्याच्या एकाच पत्र्याच्या पाच पट्ट्या कापल्या आणि पॉलिश पेपरने सारख्या घासल्या. एक घरी, एक शाळेत, एक विहारात टांगली; दोन पंपघरासाठी ठेवल्या. पंपघरातली शेवटची टांगण्याआधी तिने विचारले, पाती कशाने साफ करता? चिंच आणि मीठ, तो म्हणाला. आई घरची तांब्याची घागर तशीच उजळायची. पाती लखलखली, याचा त्याला अभिमानही होता. मिठाने तांबे खराब होते, हे मुलीला ठाऊक होते. मग पाचवी पट्टी तिने चिंचमिठाने घासून, वडील पुसत तशीच, न धुता नुसत्या फडक्याने पुसून, चौथीच्याच खिळ्याला अडकवली.

चोवीस दिवसांनी घरची पट्टी जराशी मळकटली होती. शाळेतली आणि विहारातली तपकिरी झाली होती. पंपघरातली चौथी काळीठिक्कर होती. पाचवीचा काळा थर बोट लावताच पापुद्र्याने सुटला, आणि कडांवर हिरवा चुरा दिसला. मुरलेले मीठ ओल धरून बसले होते.

ग्रामसभेच्या सकाळी पट्ट्या कागदात बांधताना भिवाजीने पाचवी बाजूला सारली.

"हे घरीच राहू दे. चारात भागते."

"भागते, बाबा. पन कोनी स्विचातलं मीठ दाखवलं, तं त्या चारीही खोट्या पडतीन."

"नोकरी जाईन माही."

"जाईन," धम्मदीपा म्हणाली. पट्टी तिने उचलली नाही. शेवटी भिवाजीनेच ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

सभेत पंजाबराव हसत म्हणाले, "भिवा, तुले पानी सोडाले ठेवलं, तं तू धूर मोजून राह्यला काय?" लोकही हसले. कुठली कुठे टांगली होती ते सांगत भिवाजीने चार पट्ट्या टेबलावर ओळीने ठेवल्या तेव्हा हसणे थांबले. सरपंच त्याच्या कानाशी वाकले. व्होल्टेजचा दोष लिहू, म्हणाले. तुझी चाकरी राहील, कोणाचे नाव येणार नाही.

भिवाजीचा हात खिशात होता. त्याने पाचवी पट्टी चौथीशेजारी ठेवली.

"हे माही चूक हाये. पात्यायले चिंच-मीठ मीच लावलं. पन ह्या दोन्ही एकाच खिळ्याले होत्या, सरपंचसाहेब. हिले चिंच लावली नोती. हे कायनं काळी पडली, ते सांगा."

मग नऊ दिवस पाणी वाहिलेल्या प्रयागबाई मागून उठल्या. "त्याचंही लिहा, अन् भट्टीचंही लिहा," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या.

दोन ठराव लिहिले गेले. पहिला, भिवाजीस तीन महिने कामावरून दूर करण्याचा; दुसरा, भट्टीच्या धुराची सरकारी तपासणी मागण्याचा. पहिला मान्य असल्याची सही भिवाजीने तिथेच केली आणि वही सरपंचांपुढे सरकवली. दुसऱ्या ठरावाखाली त्यांची सही होईपर्यंत तो टेबलापासून हलला नाही. बायकाही उठल्या नाहीत.