कुजबुजे आणि खपाटीला गेलेला मासा

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणायचे. नव्या माणसाला ते त्यांचं आडनावच वाटायचं. कुजबुजे प्रॉम्प्टर होते. विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द अलगद त्याच्या कानात सोडायचा. पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये, आणि नटाला ऐकू गेल्याशिवाय राहता कामा नये! केस काळे होते तेव्हा त्यांनी हे काम धरलं आणि पांढरे झाल्यावर सोडलं. किती राजे त्यांच्या आधारावर सिंहासनावर टिकले, किती प्रियकरांनी त्यांच्याकडून शब्द उसने घेऊन नायिकेला जिंकलं! टाळ्या पडायच्या तेव्हा कुजबुजे खाली मान घालून पुढच्या अंकाची पानं लावत असायचे.

कंपनीतला त्यांचा जिवलग म्हणजे प्रकाशवाला. आता तो त्यांच्याच इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर राहायचा. एकटाच. ह्या माणसानं आयुष्यभर उंच शिड्यांवर माकडासारखं चढून दिवे टांगले, कधी साधं खरचटलंही नाही. आणि म्हातारपणी स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना हातभर उंचीच्या स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडून बसला.

"वहिनी, हसू नका. हसलं की दुखतंय," स्ट्रेचरवरून तो कुजबुज्यांच्या बायकोला म्हणाला.

"मी कुठे हसतेय भावजी? तुम्हीच हसताय."

रुग्णवाहिकेचं दार लागता लागता त्यानं किल्ली कुजबुज्यांच्या हातात कोंबली. "वर मासा आहे. कालच आणलाय. बघशील ना रे?"

त्यानंतर धावपळीला तोंड फुटलं. तपासण्या, औषधं, रक्त, ऑपरेशन. किल्ली सदऱ्याच्या खिशात तशीच राहिली. ऑपरेशन नीट झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, कुजबुज्यांनी खिशातला रुमाल काढायला हात घातला, किल्ली बोटाला लागली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वरच्या घरात टाकीतला पंप गुरगुरत होता. कोपऱ्यात एक एंजल मासा तिरका होऊन तरंगत होता. कागदासारखा पातळ. पोट खपाटीला गेलेलं, डोकं तेवढं मोठं, अंगावरचे काळे पट्टे धुऊन गेल्यासारखे. पंख मिटलेले. कल्ला हलला तेव्हा कुठे कळलं, की आहे अजून.

"मी मारला ह्याला," कुजबुजे म्हणाले.

"मेलेला नाहीये तो," बायको म्हणाली. "आधी खाली न्या. इथे कोण बघणार?"

टाकी खाली आली आणि हॉलमध्ये टेबलावर बसली. कुजबुज्यांनी अपराधी मनानं मूठभर खाद्य पाण्यात सोडलं. माशानं ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळपर्यंत खाद्य कुजून पाणी दुधाळ झालं आणि मासा आणखीच तिरका.

संध्याकाळी दवाखान्यात प्रकाशवाल्यानं पहिला प्रश्न विचारला तो हाच. "मासा कसा आहे?"

"ठणठणीत!" कुजबुजे म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढचं वाक्य खिडकीकडे बघत म्हटलं. "खातोपितो. खेळतो."

बाहेर जिन्यात बायको म्हणाली, "खेळतो? पत्ते का?"

"अगं, पडलेल्या माणसाला काय सांगू? घरी आल्यावर त्याची वाट बघणारं दुसरं आहे कोण?"

बायकोनं त्यांना तिथूनच माशांच्या दुकानाकडे वळवलं.

तिथल्या बाईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काका, उपाशी माणसाला कुणी एकदम भरल्या ताटावर बसवतं का? चिमटीत मावेल एवढंच द्या, पण दिवसातून चारदा. राहिलेलं लगेच काढा. थोडं थोडं पाणी रोज बदला. उजेड कमी ठेवा. आणि हे बारीक किडे घ्या, कोरडं खाद्य त्याला आत्ता पेलणार नाही."

किडे फ्रिजमध्ये ठेवण्यावरून घरात जे नाटक झालं त्याचे तीन अंक सहज पडले असते. शेवटी बायकोनं ते जुन्या मलमाच्या डबीत बंद करून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवू दिले. "आणि ती डबी चुकून माझ्या चमच्याला लागली तर तुम्ही आणि मासा, दोघंही बाहेर," एवढी अट घालून.

पण मासा खाईना. माणूस समोर आला की पंपाच्या मागे दडी. कुजबुज्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून काळी चादर काढली. टाकीच्या दोन्ही बाजूंनी ती टांगली, मधे बोटभर फट ठेवली आणि फटीला डोळा लावून, माशाला दिसणार नाही असे ते आडोशाला बसले. पाठ वाकलेली, हात मांडीवर, श्वास हळू. बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती नाटक बघायला गेली होती, तेव्हा विंगेत हा माणूस असाच बसलेला तिला दिसला होता.

त्यांनी चिमटीतला एकच किडा वरून सोडला. तो हेलकावे खात खाली आला. मासा पंपामागून निघाला, किड्यापाशी आला आणि थांबला. नुसता थांबला.

"टाका की अजून," बायको कुजबुजली.

"थांब."

"अहो, त्याला दिसला नसेल."

"दिसलाय. विसरलेला नट असा उभा राहत नाही गं, त्याचे डोळे भिरभिरतात. हा विसरलेला नाही, हा थांबलाय. थांबलेल्याला शब्द दिला की प्रवेश मोडतो."

माशानं किडा तोंडात घेतला. बायकोनं हात जोडले. माशानं किडा थुंकला. बायकोनं हात सोडले. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. कुजबुज्यांचा हात डबीकडे गेला नाही. तिसऱ्यांदा त्यानं किडा घेतला, दोनदा चावल्यासारखं केलं आणि गिळला.

चादरीआड कुजबुज्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी दवाखान्यात "ठणठणीत" म्हणताना त्यांना खिडकीकडे बघावं लागलं नाही.

पुढे एकाचे दोन किडे झाले, दोनाचे चार. पोटाची खळगी भरत आली. पंख उघडले ते असे, की गलबतानं शिडं उभारावीत. पट्टे गडद झाले. काळी चादर आधी एका बाजूनं निघाली, मग दुसऱ्या. आणि ज्या बाईनं डबीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, तीच आता भाजी निवडायला टाकीसमोर बसू लागली. "बघतोस काय असा? हे तुझं नाही," असं त्याला रागवायची, आणि वर नवऱ्याला विचारायची, "ह्याला सकाळचं दिलंत का?"

प्रकाशवाला कुबड्या घेऊन घरी आला. जिना चढवणार नव्हता, म्हणून आधी कुजबुज्यांच्याच हॉलमध्ये त्याला बसवायचं ठरलं. पण तो बसला नाही. दारातूनच त्याची नजर टाकीकडे गेली. तो कुबड्या टेकत पुढे आला, वाकला, आणि कितीतरी वेळ बघतच राहिला.

"हा तोच आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"तोच."

"खरं सांग. बदलला नाहीस ना?"

"नाही रे! पण एक सांगायचंय." कुजबुज्यांनी खिशातून किल्ली काढली. "किल्ली माझ्या खिशात राहिली. तो वर उपाशी होता. माझ्यामुळे अगदी पोट खपाटीला..."

"तुझ्यामुळे?" प्रकाशवाला वळला. "अरे लेका, मी आणला तेव्हाच तो तसा होता! दुकानाच्या शेवटच्या टाकीत मरायला टेकलेला. आडदांड मासे ह्याच्या वाट्याला काही येऊ देत नव्हते. बघवेना, म्हणून उचलला. तू रोज ठणठणीत म्हणायचास ना, मला वाटायचं, गेला बिचारा. माझं मन राखायला हा थाप मारतोय. आत्ता येताना रिकामी टाकी बघायची तयारी करून आलो होतो मी."

कुजबुजे खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

"म्हणजे तुम्ही दोघं रोज एकमेकांना फसवत होतात," बायको म्हणाली, "आणि किड्यांबरोबर संसार मी केला!"

"वहिनी, तो इथेच राहू दे. मीच येत जाईन खाली, पाय चालायला लागला की."

"या की. पण डबी तुम्ही उघडायची."

प्रकाशवाल्यानं डबी उघडली, चिमटीनं चार किडे सोडले. तिघं काचेला नाक लावून बसली होती, दिवा लख्ख जळत होता. माशानं कुणाकडे पाहिलं नाही. एकेक करून चारही गिळले आणि काचेपाशी येऊन अजून मागू लागला.