शुअर, डेफिनेटली आणि माझं 'वाटतं'

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मराठीत. इंग्रजी अक्षरं मला अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यानं शिकवली. पिंपावर पत्र्याचा साचा धरून ब्रशनं मालाचं नाव उठवायचं, हे माझं काम. त्यामुळे अक्षर काढता येतं, वाचता येत नाही. यात मला लाज वाटत नाही. न कळणाऱ्या कागदावर मी सही करत नाही, एवढं पुरे.

साल सत्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी. सकाळच्या पाळीत कुणीतरी टाकीचा कॉक उघडा टाकला आणि टाकीभर लाल रंग नाल्यात गेला. खालच्या वस्तीतल्या बाया लाल पाण्याच्या बादल्या घेऊन गेटवर आल्या. आता कंपनीला एक माणूस हवा होता, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल.

साहेबानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की कॉकपाशी एक जण पाठमोरा दिसला, मला वाटतं खरवईवाला असावा. खरवईवाला म्हणजे खरवई गावचा, आमच्याच खात्यातला. रंगाची पूड केसांत बसू नये म्हणून आम्ही सगळेच डोक्याला कंपनीचं फडकं गुंडाळायचो, पार मानेपर्यंत. पाठीमागून सगळे एकाच साच्यातले. पण हा डावा खांदा पाडून उभा राहायचा, म्हणून वाटलं. त्याचं माझं पाळी बदलण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं टाइप केलेला इंग्रजी कागद पुढे ठेवला. "मामा, तुम्ही बोललात तेच लिहिलंय. इथे सही."

मी बोललो होतो एक ओळ. कागदावर होत्या अकरा. मी म्हटलं, "घरी नेतो, उद्या देतो."

"कागद बाहेर जात नाही. विश्वास नाही का?"

विश्वास नव्हताच, पण तसं तोंडावर कसं म्हणणार? एवढ्यात त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. खरवईवाल्याचं नाव हजेरीच्या कार्डावर रोज बघून मला नुसत्या आकारानं ओळखू यायचं. जो शब्द त्या नावाच्या आसपास दिसला, तो मी तंबाखूच्या पुडीवर उतरवून घेतला. असे तीन निघाले. साहेब परत आल्यावर म्हटलं, "चष्मा घरी राहिलाय." चष्मा मला तेव्हा लागला नव्हता.

बेलवलीत आमच्या शेजारी मंत्रालयात जाणारा कारकून राहायचा. त्यानं पुडी वाचली. "हा शुअर. म्हणजे खात्री आहे. हा डेफिनेटली, म्हणजे नक्कीच, शंकेला जागा नाही. आणि हा ॲसर्ट, म्हणजे ठासून सांगणं."

"टेबलावर हात आपटून?"

"तसंच समजा. भाऊ, तुम्ही कुणाबद्दल काय ठासून सांगितलंत?"

मी पुडी खिशात घातली. एकाच्याच बोलण्यावर मी कधी जात नाही, म्हणून रविवारी उल्हासनगरला माझ्या ओळखीच्या सिंधी कापडवाल्याकडे गेलो. तो हसला. "साईं, शुअर मतलब पक्का. डेफिनेटली मतलब एकदम पक्का. मैं रोज बोलता हूं, रंग डेफिनेटली नहीं जाएगा."

"और जाता नहीं?"

"जाता है ना. पहली धुलाई में जाता है."

तेव्हा माझी खात्री झाली. आमच्याकडे माळावर लांब जनावर दिसलं, अगदी आपल्या गोठ्यातलं असलं, तरी माणूस म्हणतो, 'आपलंच दिसतंय.' जवळ गेल्याशिवाय 'आपलंच' म्हणत नाही. साहेबानं माझं लांबचं बघणं उचलून जवळ नेऊन ठेवलं होतं. त्या तीन शब्दांत एका माणसाची नोकरी जाणार होती, आणि खाली सही माझी.

सोमवारी मी सांगितलं, "मराठीत लिहा. मला वाटतं, असावा, खात्री नाही. असं लिहिलं तर सही करतो."

"मामा, इंग्लिश येतं का तुम्हाला?"

"येत नाही, म्हणून तर."

तो खुर्ची पुढे ओढून हळू बोलला. "तुमच्या मुलाला लावून घ्यायचं म्हणत होतात ना? डेफिनेटली करू."

तो शब्द मी आता ओळखत होतो. म्हटलं, "आधी लावून घ्या, मग बोला."

साहेबाचा चेहरा उतरला. मुलाला काही घेतलं नाही. मी स्वतःच्या हातानं मराठीत तीन ओळी लिहून दिल्या, त्याला दोन तास लागले. त्या तीन ओळींवर कंपनीला कुणाला काढता आलं नाही. खरवईवाल्याला गोदामात टाकलं, पगार तोच. कॉकच खराब होता असं नंतर कुणी म्हणायचं. मला तोही संशयच वाटतो.

महिन्याभरानं खरवईवाला गेटपाशी आडवा आला. मला वाटलं, वर्षभराचा अबोला सोडून दोन चांगले शब्द बोलेल.

"काय रे, तू खात्री नाही असं लिहिलंस म्हणे."

"लिहिलं."

"तो मी नव्हतो, असं नक्की लिहायला काय झालं होतं? गोदामात सडतोय मी. लोक अजून माझ्याकडं तसंच बघतात."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. खांदा तसाच पडलेला. म्हटलं, "तेही मी पाहिलं नव्हतं."

तो थुंकला आणि गेला. पुढे दहा वर्षं आम्ही एकाच गेटातून आत जात होतो, बोललो नाही. बायको म्हणायची, त्याच्या बाजूनं एक शब्द लिहिला असता तर काय हात झडले असते का? झडले नसते. पण मग साहेबाचा कागद काय वाईट होता?