अमावस्येची चौकट

आमच्या दैनिकाच्या वेबसाइटवरचं कांदाभावाचं पान नऊ वर्षं मी लावत होतो. बारा बाजार समित्या, बारा चौकटी. पहिली देवळ्याची, दुसरी विंचूरची. अमावस्येला जिथे लिलाव होत नसत, त्या चौकटीत मी हाताने ‘लिलाव बंद’ असं लिहीत असे.

गेल्या वर्षी नाशिकच्या कार्यालयात एक डेव्हलपर रुजू झाली, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तिने त्या पानाला आपोआप मांडणी बदलणारा ग्रिड बसवला. मोबाइलवर चौकटी दोन-दोन दिसत, मोठ्या पडद्यावर सहा-सहा. क्रम तिने माझाच ठेवला होता.

बैठकीत तिने एका चौकटीतला भाव पुसून दाखवला. चौकट नाहीशी झाली आणि पुढच्या सगळ्या सरकून वर आल्या.

“वा! रिकामी जागाच नाही,” संपादक म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “पान आता स्वतःच लागतंय. तुमचं काय करायचं ते महिनाअखेरीला पाहू.”

सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही, याचा मला जास्त राग आला.

“सर, काही सुटलंय का?” तिने विचारलं.

सुटलं होतं. अमावस्येला देवळ्याची चौकट गळणार आणि तिच्या जागी विंचूर येणार, हे मला तिथल्या तिथे दिसलं होतं. आमचे वाचक नाव वाचत नाहीत, जागा पाहतात.

“छान झालंय,” मी म्हणालो.

अमावस्या चार दिवसांवर होती. त्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. तो मीच उचलला.

“साहेब, तुमच्या पानावर पहिल्या डब्यात भाव हाय, अन् इथं देवळ्यात गेटाला कुलूप हाय. ट्रॅक्टर भरून आलोय मी.”

“वर नाव विंचूरचं आहे.”

“नाव काय वाचायचं? पयला डबा आमचाच असतो ना! म्हटलं, औंदा अमावस्येची सुट्टी मोडली वाटतं.”

मी दिलगिरी व्यक्त केली आणि निरोप तिच्याकडे पोचवला. तिने अर्ध्या तासात दुरुस्ती केली. बंद बाजाराची चौकट जागेवर राहू लागली, ‘लिलाव बंद’ या माझ्याच शब्दांसह. मग ती माझ्या टेबलाशी आली.

“सर, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

दुपारी संपादकांसमोर तिने सगळी चूक स्वतःवर घेतली. त्यांनी मला विचारलं, “नऊ वर्षं हे पान तुमच्याकडे होतं. तुम्हालाही दिसलं नाही?”

दिसलं होतं असं म्हणालो असतो, तर आधी गप्प का राहिलो ते सांगावं लागलं असतं. मी पुन्हा नाही म्हणालो.

महिनाअखेरीला पान तिच्याकडे गेलं.