बोंबील, बॅनर आणि आठ काका

पन्नाशीपुढचे आठ पुरुष एकाच रंगाची जर्सी घालून सायकलवर निघाले, की किस्से शोधावे लागत नाहीत. चेनचं ग्रीस लागतं तसे ते अंगाला लागतात. साबणाने जात नाहीत.

मी एकच राइड केली. बाबांनी ओढून नेलं, कारण मी घरीच असतो. इंजिनीअरिंग सेकंड इयरला सोडलं. हे ग्रुपमध्ये फक्त बाबांना माहीत. लिफ्टमध्ये ते हळूच म्हणाले, "कोणी विचारलं तर थर्ड इयर सांग. माझी लाज ठेव."

*

बोरिवलीहून गोराईला सहाला निघायचं होतं. सात वाजले. बॅनर सापडत नव्हता. बॅनरशिवाय फोटो नाही, फोटोशिवाय राइड नाही. बॅनरवर लीडर परबकाकांचं ब्रीदवाक्य: 'मध्येच सोडायचं नाही'.

परबकाकांच्या पुढे कोणी सायकल काढायची नाही, हा ग्रुपचा नियम. वाटेत मॉर्निंग वॉकच्या एक आजी आम्हाला ओव्हरटेक करून गेल्या. त्यांना नियम माहीत नव्हता.

*

खाडी ओलांडायला फेरीबोट. नेनेकाकांनी बोटीत सायकल स्टँडवर लावली, सीटवर चढले आणि पेडल मारायला लागले.

"काका, काय करताय?"

"अरे, बोट चालली तरी ॲपमध्ये किलोमीटर पडतात ना. फुकटचे नकोत मला."

बोटवाला मागून म्हणाला, "मारा काका जोरात. तेवढंच डिझेल वाचेल."

*

गोराईत जर्स्या घामाने चिंब. समोर बांबूंना बांधलेल्या दोऱ्या दिसल्या. आठही जणांनी जर्स्या काढून वाळत टाकल्या. दोऱ्यांवर आधीपासून बोंबील होते.

एक बाई धावत आली. "काढा ते आधी."

परबकाका मोठेपणाने म्हणाले, "असू दे हो बाई. जर्सीला वास लागला तरी चालेल आम्हाला."

"जर्सी गेली खड्ड्यात. माझ्या बोंबलांना तुमचा वास लागला तर घेईल कोण?"

आठ उघडी पोटं मुकाट्याने जर्स्या काढायला लागली.

*

चहाच्या टपरीवर परबकाकांनी विचारलंच. "काय रे, कितवं वर्ष?"

बाबांचं बिस्कीट चहात तुटून पडलं.

"थर्ड," मी म्हटलं.

"शाब्बास. नाहीतर तुमची पिढी म्हणजे पळपुटी. आम्ही आयुष्यात काही मध्येच सोडलं नाही."

बाबा मान खाली घालून चमच्याने बिस्कीट शोधत राहिले. मला त्या चमच्याचा राग आला.

*

परतताना उत्तनमार्गे रस्त्याने यायचं होतं. पहिला मोठा चढ आला आणि परबकाकांनी हात करून मासळीचा रिकामा टेम्पो थांबवला.

मी बघतच राहिलो. नेनेकाका सायकल वर चढवत म्हणाले, "सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर उतरायचं. तिथून पेडल मारत गेटवर. दर वेळी असंच असतं रे."

सात काका चढले. परबकाका बर्फाच्या पेटीवर बसले, मांडीवर गुंडाळलेला बॅनर. त्यांनी बाबांना हात दिला. "या देसाई. पोरालाही घ्या."

बाबांनी हात धरला नाही. आधी चढाकडे बघितलं, मग माझ्याकडे. थकले होते खूप.

"परब, हा थर्ड इयरला नाही," ते म्हणाले. "कॉलेज सोडलंय याने."

परबकाका बर्फाच्या पेटीवरून पुढे झुकले.

"काय सांगता देसाई? मध्येच?"