राघोजीरावांची साक्ष

सिनेमातल्या पोलिसांना राघोजीराव मोठमोठ्याने हसायचे. बँकेच्या बदलीमुळे आम्ही चेन्नईला, अण्णा नगरात राहायला गेलो, ती या शतकाची पहिली वर्षं. राघोजीराव आमच्या वरच्या मजल्यावर राहत; गुन्हे शाखेत इन्स्पेक्टर, घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. मला तमिळ येत नसे, म्हणून रविवारी दुपारी टीव्हीवरचा सिनेमा ते मला त्यांच्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत समजावून सांगत. "हें सर्व खोटें हो, जोशीराव! ऐसा पंचनामा कोण करतो?" म्हणत मांडीवर थाप मारत.

एका रविवारी मात्र ते हसले नाहीत. त्या सिनेमातला डिटेक्टिव्ह लाचखाऊ होता. एका निरपराध नोकराच्या खोलीत तो चोरीचे दागिने ठेवतो आणि शेवटी स्वतःच पकडला जातो. त्याला बेड्या पडल्या तेव्हा माझी बायको म्हणाली, "बरं झालं मेल्याला!"

राघोजीरावांच्या हातातली कॉफी तशीच निवली होती. "तो आज नाही सापडला, वहिनी," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीं 'होय' म्हणाला, तेव्हांच सापडला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला सगळं सांगितलं. अंबत्तूरच्या एका कारखान्यात खून झाला होता. मालकाच्या मेहुण्याला वाचवण्यासाठी राघोजीरावांनी रक्ताळलेला चाकू सेल्वम नावाच्या कामगाराच्या कपाटात ठेवला. त्यांच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "तम्बी, माझ्यासाठी एवढं कर." तम्बी म्हणजे धाकटा भाऊ. बदल्यात मुलीला मेडिकलची जागा मिळाली. पुढे त्याच साहेबांनी त्याच मायेने आणखी दोन कामं करून घेतली. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. सेल्वम दोन वर्षांपासून तुरुंगात होता आणि पुढच्या आठवड्यात राघोजीरावांची त्याच्याविरुद्ध साक्ष होती.

"खरें बोललों तर मी आंत, खोटें बोललों तर तो आंत. बाहेरचें दार कोठें आहे, सांगा."

मी म्हणालो, "दोन वर्षांत रिटायर व्हाल. मुलीचा विचार करा. गप्प बसा."

उलटतपासणीत सेल्वमच्या वकिलाने ठरावीक प्रश्न विचारला, "चाकू तुम्हीच ठेवलात ना?" अशा प्रश्नाला पोलीस 'नाही' म्हणतात आणि खटला पुढे सरकतो. राघोजीराव म्हणाले, "होय. मीच ठेवला." न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

सेल्वम सुटला. राघोजीराव निलंबित झाले, त्यांना अटक झाली. साहेबांनी हात झटकले. जामिनावर ते परतले तेव्हा बायको मुलीला घेऊन तंजावरला निघून गेली होती. बिल्डिंगमधलं कुणी त्यांच्याशी बोलेना. माझी बायकोही नाही. एकदा मी त्यांच्याकडे असताना सेल्वमची बायको आली. राघोजीरावांनी दारातच हात जोडले. मला समजेल इतक्या सोप्या तमिळमध्ये ती म्हणाली, "ती दोन वर्षं परत द्या." आणि जिना उतरून गेली. ते बराच वेळ हात जोडूनच उभे होते.

माझी बदली झाल्यावर मी निरोप घ्यायला वर गेलो. म्हणालो, "मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. माझं चुकलं."

"तुम्हीं मायेनेंच सांगितलेंत, जोशीराव," ते म्हणाले. "साहेबांनींही मायेनेंच सांगितलें होतें."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.