भिंतीपलीकडचा हेरोद

लाखांदूरच्या घरातली आमची पहिली सकाळ. ट्रंका अजून सोडलेल्या नव्हत्या, वर्षाचा शमू माझ्या मांडीवर होता आणि माझे यजमान, म्हणजे आमचे पास्टरसाहेब, डोळे मिटून नव्या गावासाठी प्रार्थना करत होते. "हे प्रभू, या गावात आम्हाला शांती..." इथवर ते आले आणि भिंतीपलीकडून असं काही राक्षसी हसू उसळलं की शमूनं माझी मांडी ओली केली. यजमानांनी एकच डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमेन म्हणा आणि जाऊन बघा."

ते बघून आले. "शेजारी आहेत. कडुनिंबाच्या काडीनं दात घासताहेत. म्हणाले, रियाज चालू आहे."

हे कवडूजी. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण तो पोटापुरता उद्योग. धान कापून झालं की आमच्या त्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकांचे मंडप पडतात, आणि त्या मंडपांत कवडूजी आयुष्यभर खलनायक होते. कानापर्यंत वळवलेली मिशी, तांबूस डोळे आणि ते हसू. दुकानात पंक्चर काढताना मात्र इतके हळू बोलत की ट्यूबमधली हवा ऐकू यावी. "नायकाले टाळ्या, मले शिव्या," ते सांगायचे. "ज्या दिवशी शिव्या नाही पडल्या, त्या दिवशी समजा नाटक पडलं."

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब आणि बंगला येतो. आम्ही नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती आणि पिढीजात काळेसावळे. बंगल्याच्या नावानं गळकी कौलं, वाहनाच्या नावानं एक सायकल. लाखांदूरच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे संस्थेच्या लोकांनी आमचं अर्धं सामान तिकडेच पाठवून दिलं होतं. यजमान सायकलवरून खेड्यांत प्रार्थना घ्यायला जात, मी घरी बायकांना शिवण शिकवी. तिकडे भाताशिवाय जेवण नाही, म्हणून मी भाकरी थापायला बसले की कवडूजींची बायको भागरताबाई भिंतीवरून डोकावून काळजीनं विचारी, "काहून बाई, तांदूळ सरले का?" आणि मी काही बोलायच्या आत तांदळानं भरलेलं सूप भिंतीवरून अलीकडे येई. सूप परत जाताना त्याच वाटेनं शमूही पलीकडे जाई. दुपारपर्यंत तो त्यांचाच असे. भागरताबाई त्याला न्हाऊ घालत आणि कवडूजींच्या मिशीला धरून तो उभं राहायला शिकला.

त्या वर्षी यजमानांच्या मनानं घेतलं की नाताळाला अंगणात ख्रिस्तजन्माचं नाटक बसवायचं. गावातले लोक येतील का, काम करतील का, कोणी नावं ठेवील का, ह्या विचारानं त्यांचं जेवण तुटलं. शेवटी भीत भीत त्यांनी कवडूजींना विचारलं. कवडूजी म्हणाले, "रामलीलेत रावण झालो म्हणून मी लंकेत घर बांधलं का? नाटक म्हणजे नाटक. माणसं मी आणतो."

माणसं आली. पण नाटक दोन तासांत संपणार हे ऐकून कवडूजी दुखावले. "दोन तासाचं नाटक? हे तं दवंडी झाली, पास्टरसाहेब." मध्ये यजमानांचं छोटंसं प्रवचन होतं, तेही त्यांनी उडवलं. "मंधात बोध केला का लोक बिडी पियाले उठतात. शेवटी करा, मंग पळाले तरी हरकत नाही." येशूची आई मरीया व्हायला कोणाची मुलगी मिळेना, म्हणून मी मरीया. बाळ येशू अर्थात आमचा शमू, जो आता चालायला लागला होता आणि गव्हाणीत क्षणभर राहत नव्हता. राहिला हेरोद, लहान बाळांना मारायचा हुकूम देणारा दुष्ट राजा. तो कोणाला द्यायचा हे विचारण्यात अर्थच नव्हता.

त्या दुपारी कवडूजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात. "बाई, एक गोष्ट मांगू? मले योसेफ करा. मरीयेचा तो भला नवरा."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून हातातलं शिवण खाली ठेवलं. "लगन झालं तवा आमची बुढी, भागरता, एक डाव नाटक पाहाले आली होती," ते म्हणाले. "लोकायनं मले शिव्या घातल्या. एकानं चप्पल फेकली. बुढी रडतच घरी गेली, तवापासून मंडपात पाय नाही ठेवला तिनं. आता माझं वय झालं. एक डाव तरी तिनं मले पाहावं, असं वाटते."

भागरताबाईंना मी विचारलं, तर त्या शमूचं अंग पुसत म्हणाल्या, "गाव माझ्या माणसाले शिव्या देते, ते पाहाले मी कायले जाऊ? ह्या डाव चांगला माणूस होऊन राहिला म्हणते. येईन मंग."

मरीयेला तिच्या बापाच्या वयाचा योसेफ मिळाला. कवडूजींनी त्यासाठी जन्मभराची मिशी उतरवली; शमूनं दोन दिवस त्यांना ओळखलं नाही. हेरोद दिला नामदेव टेलरला. कवडूजींनी त्याला आपलं सगळं दिलं, हसूसुद्धा. "पोटातून काढ, नामदेव. गळ्यातून हसते तो कारकून." बिचारा नामदेव मशीनवर बसूनही हसायचा. इतका हसला, इतका हसला, की नाताळच्या संध्याकाळी त्याचा आवाज साफ बसला. अंगण माणसांनी भरलेलं, आणि आमच्या हेरोदाच्या तोंडून फक्त वारा येत होता.

योसेफाचा झगा घातलेले कवडूजी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहत होते. पहिल्याच रांगेत भागरताबाई बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. मग झगा काढून त्यांनी माझ्या यजमानांच्या अंगावर टाकला. "तुम्ही व्हा योसेफ. बाई, काजळ आणा."

मी त्यांच्या ओठावर काजळानं मिशी काढू लागले. "जाड काढा," ते म्हणाले. "मांगच्या लोकाले दिसली पायजे." आणि मग अगदी पंक्चरच्या आवाजात, "आली होती जी बुढी. आता पुन्हा नाही यायची."

मला भरून आलं, पण मरीयेनं पहिल्या प्रवेशातच रडून चालणार नव्हतं. योसेफ तर माझ्यापासून हातभर लांब उभा होता. पंधरा माणसं समोर असली की आमचे हे जेवताना माझ्या शेजारीही बसत नाहीत, इथे तर आख्खं गाव. तेवढ्यात मंचाच्या दुसऱ्या टोकाला हेरोदाचा दरबार लागला. कवडूजी हसले. अंगणातली कुत्री उठून गेली. तलवार उपसून त्यांनी बाळांना मारायचा हुकूम दिला आणि आमचं बाळ, ते हसू रोज सकाळी ऐकणारं, गव्हाणीतून उतरलं. बेथलेहेमाहून थेट राजवाड्यात चालत गेलं आणि खिदळत हेरोदाच्या पायाला मिठी मारून उभं राहिलं.

आमचा योसेफ तोंड उघडं टाकून बघत राहिला. कवडूजींनी मात्र भूमिका सोडली नाही. एका हातानं त्यांनी शमूला उचललं, दुसऱ्या हातात तलवार होतीच, आणि पुन्हा तसेच हसले. आणि पहिल्या रांगेतून भागरताबाई उठल्या.

"ठेव त्याले खाली, मुडद्या! लेकरावर हात उचलतेस?"

पदर खोचून त्या मंचावर चढल्या, हेरोदाच्या हातातून शमूला हिसकावून घेतलं, त्याला आणखी दोन शिव्या हासडल्या आणि बाळ छातीशी धरून उभ्या राहिल्या. हेरोदानं तलवार टाकली आणि मान खाली घातली. टाळ्या थांबेनात. त्यानंतरचं प्रवचन ऐकायला कोणी नव्हतं, असं यजमान म्हणतात. मी होते.

भागरताबाई आमच्या चुलीपाशी पदरात तोंड लपवून बसल्या होत्या. "अवो माय, मी यायले मुडदा म्हटलं." कवडूजी आले. काजळाची मिशी गालभर पसरली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते मी चर्चमध्येही फार कमी पाहिलं आहे. "अशी शिवी जन्मात नाही पडली," ते म्हणाले.

यजमान कुरकुरले, "पण कवडूजी, शास्त्रात असं नाही. हेरोद असा शरण येत नाही."

"शास्त्रात भागरता नव्हती जी," कवडूजी म्हणाले.

त्यानंतर दर हिवाळ्यात भागरताबाई मंडपात पहिल्या रांगेत दिसू लागल्या. खलनायक आला की सगळ्यांच्या आधी त्यांचा आवाज. मी चिडवलं तर म्हणत, "लोकायनं काहून द्याव्या? माझा माणूस आहे. पहिली शिवी माझी."

पुढे आमची बदली झाली. कवडूजी गेल्याचं कळलं तेव्हा शमू कॉलेजात होता. आम्ही तिघं एस.टी.नं लाखांदूरला गेलो. भागरताबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. शमूला त्यांनी जवळ ओढलं आणि त्याच्या नव्या मिशीवरून बोट फिरवलं. यजमानांनी डोळे मिटले, "हे प्रभू" म्हणाले आणि सवयीनं थांबले. या वेळी ते हसू कुठूनच उसळलं नाही.

भागरताबाईंनी माझा हात धरला.

"आता कोणाले शिव्या देऊ, बाई?"