गव्हाची बिअर कुणासाठी

गव्हाला टरफल नसतं, पोह्यांसारख्या चपट्या ओट्सनाही नसतं. घरी बिअर करताना सगळा घोळ तिथे होतो. बार्ली भरडली तरी तिचं टरफल शाबूत राहतं आणि त्यातून पाणी वाट काढतं. गहू-ओट्स जास्त घातले की भांड्यात खळ होते. तळच्या नळातून गोड पाणी आधी धारेने येतं, मग दोऱ्यासारखं, मग थांबतं. हे मला माझ्या मुलाने शिकवलं, इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या त्याच्या गॅरेजमध्ये.

मी चौथी शिकलेली. जन्मभर दारूला शिव्या दिल्या आणि म्हातारपणी तिचंच पाणी गाळायला बसले. कारण सरळ होतं. आठवडाभर मुलगा कॉम्प्युटरला चिकटलेला असायचा. शनिवारी गॅरेजमध्ये काय बोलायचा तेवढंच. पण मी अट घातली होती, यातला थेंबही तुझ्या बाबांच्या पोटात जाता कामा नये. नवऱ्याचं लिव्हर पिऊन पिऊन सुजलं होतं. परत प्यायलात तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. नवऱ्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मुलगाही हो म्हणाला. मी दोघांवर विश्वास ठेवला.

माझ्याकडे तुसांचं काम होतं. गव्हाला नसलेल्या टरफलाच्या जागी घालायची भाताची तुसं. गावी गिरणीमागे त्यांचा ढीग पडायचा, वीटभट्टीवाले फुकट न्यायचे. इथे ती पाकिटातून येतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत मी ती धुवायची आणि आधीच भिजवून ठेवायची, कारण कोरडी घातली तर तीच गोड पाणी पिऊन बसतात. मग भरड्यात तळापर्यंत कालवायची. नुसती वर पसरून उपयोग नाही. वरून घालायचं पाणी चांगलं कढत हवं. गार झालं की खळ घट्ट होते. आणि नळ जरासाच उघडायचा. घाई केली की सगळा भरडा खालच्या चाळणीवर दबून बसतो आणि मग देव आला तरी हलत नाही.

कुरडयांचा चीक गाळून माझे हात झिजलेत, त्यामुळे गव्हाचा चिवटपणा मला नवा नव्हता. पण एवढा खटाटोप का, ते कळेना. एकदा विचारलंच, "नुसती बार्ली घाल की. धो धो वाहील."

"अगं आई, फ्रेंड्सना हीच आवडते. स्मूद असते. पोटाला जड नाही."

मी म्हटलं, असेल.

त्याच दिवसांत नवऱ्याचे रक्ताचे रिपोर्ट बिघडत चालले होते. दर खेपेला नर्स विचारायची, आठवड्याला किती ड्रिंक घेतात? मुलगा दुभाष्या म्हणून बरोबर असायचा, पण त्याने तोंड उघडायच्या आत मीच ठासून सांगायची, "झीरो." मग आकडे का चढतात म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या लिहायचे. मला वाटलं, माझ्या हातच्या जेवणाने होतंय. लोणचं बंद केलं, पापड बंद केले, मीठ कमी केलं, दुधीला फोडणीसुद्धा देईना. नवरा खाली मान घालून तो दुधी गिळायचा. एकदाही म्हणाला नाही की बाई, तुझ्या दुधीचा यात काही दोष नाही.

एका शनिवारी मुलाचा मित्र बाटल्या न्यायला आला. गॅरेजमध्ये नळ चालू होता, म्हणून दार मी उघडलं. म्हटलं, "तुमची गव्हाची फ्रीजमध्ये ठेवलीय हो."

"नको नको काकू. आम्ही सगळे कडूवाले. गव्हाची तर काकांची!" तो हसला. "आमच्यापेक्षा काकाच पारखी आहेत."

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. बाटल्या न घेताच तो निघून गेला.

मी गॅरेजमध्ये गेले. नवरा स्टुलावर बसला होता, मुलाच्या हातात पाण्याचा जग होता.

"अहो, गव्हाची कुणासाठी करता?"

"कोण काय म्हणालं?" नवऱ्याने विचारलं.

"मी विचारलं, कुणासाठी?"

"आई, आत्ता नको ना," मुलगा म्हणाला. "पाणी ओतायचंय."

"ओत की. ग्लासातही तूच ओततोस ना?"

त्याने जग खाली ठेवला. "अगं, बाहेरून व्हिस्की आणून प्यायले असते. निदान हे माझ्यासमोर तरी घेतात. एखाद-दुसरा ग्लास."

"बार्लीच्या बिअरने मला जळजळतं," नवरा म्हणाला, जणू मी तेच विचारलं होतं. "गव्हाची सोसते."

"म्हणजे तुमच्या घशाला सोसावी म्हणून मी तुसं धुतेय?"

"चिडू नकोस गं. तुझा हात लागतो म्हणून तर ती अशी उतरते."

मी हात पुसले आणि घरात आले. माझा नवरा पितो हे मला लग्नापासून माहीत आहे, त्यात नवीन काही नव्हतं. पण मुलाने मला त्या नळापाशी बसवावं, बारीकसारीक सगळं शिकवावं, आणि तेवढं एकच सांगू नये? मी दुधीची फोडणी बंद केली तेव्हाही तो गप्प बसला.

मागून दोघांनी घाईत नळ पूर्ण उघडला असणार. "आई, अडकलं गं! काय करू?" मुलगा ओरडला. मी कणीक मळत होते. मळत राहिले.

पुढच्या तपासणीला नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. या खेपेला मी झीरो म्हटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा मराठीत, हळूच, मी शेजारी बसलेली असताना म्हणाला, "बाबा, किती सांगू?"

मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत नर्सला सांगितलं, झीरो मी सांगत होते, ते पुसून टाका. आता या दोघांना विचारा. आणि एकेकट्याला बसवून विचारा.